पाहुण्यांसमोर दुखत नाही

माझ्या नवऱ्याला कोणी विचारलं, "कसे आहात?" तर उत्तर ठरलेलं. "मस्त! तुम्ही सांगा." मग समोरचा माणूस सांगत बसतो आणि ह्यांचं सांगायचं राहून जातं. बाहेरच्यांना वाटतं, किती लाघवी गृहस्थ! मला विचाराल तर ही एक प्रकारची चोरी आहे. स्वतःचं दुखणं खिशात दडवायचं आणि दुसऱ्याचं काढून बघायचं.

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या दुखण्याची एकच खूण मला सापडली आहे. दुखायला लागलं की हे चौकशा करायला लागतात. दाढ ठणकत होती तेव्हा डेंटिस्टच्या खुर्चीत बसून त्याच्या मुलीला दहावीला कुठला क्लास लावलाय ते विचारत होते. किडनी स्टोनच्या कळा आल्या तेव्हा रिक्षात अंगाची घडी करून पडले होते आणि रिक्षावाल्याला विचारत होते, "जेवलात का हो?" तो बिचारा गांगरला. म्हणाला, "काका, माझं सोडा, तुम्ही नीट बसा." जेवणाचा प्रश्न हा शेवटचा. तो आला की ह्यांना आता सोसवत नाही, असं समजायचं.

हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे जे झालं त्यात माझ्यापाशी एवढं एकच ज्ञान होतं आणि ते मला कोणाला पटवता येईना.

ठाण्याच्या एका हॉस्पिटलात ह्यांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. गाठीसकट आतड्याचा तुकडा काढला आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडली. गाठ साधी निघाली तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले आणि डोळे पुसून वर गेले. सर्जन म्हणाले, "काकू, गाठ गेली. आता काळजी फक्त जोडाची. तो धरला की सुटलो. मध्येच सुटला तर पोटात घाण पसरते. मग मात्र आपल्याकडे वेळ नसतो. पोट दुखायला लागलं तर लगेच सांगायचं, थांबायचं नाही." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी सर्जनना विचारलं, "तुम्ही रोज एवढा वेळ उभे असता, पाय दुखत नाहीत का?"

वॉर्डात ह्यांना झोप नव्हती. मग हॉस्पिटलनंच सुचवलं, की घरी न्या, आता हॉस्पिटलच तुमच्या घरी येईल. सलाईनमधून द्यायची औषधं घरी, सकाळ-संध्याकाळ सिस्टर घरी, छातीवर चिकटवायची एक पट्टी, जी नाडी मोजून थेट त्यांच्या कंट्रोल रूमला कळवते, आणि दिवसातून दोनदा टॅबवर डॉक्टरांचा राउंड. घरी जंतूंचा धोका कमी, पेशंट लवकर उठतो. त्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. हॉस्पिटलात माणूस पेशंट असतो. घरी तो यजमान असतो.

डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये झोपाळा होता. तो काढून तिथे वरखाली होणारी कॉट आणली. सलाईनचा स्टँडही आला होता. तो बघून हे म्हणाले, "अगं, हे मध्ये उभं राहिलं तर माणसं बसणार कुठे? ती झोपाळ्याची कडी आहे की वर. तिला बाटली लटकवा." सिस्टर हसली आणि तिनं दोरी मागितली. माझ्या अंगावर मात्र काटा आला. हा माणूस पोटाला टाके घेऊन घरी आलाय आणि खुर्च्या मांडतोय.

आणि माणसं आली. आपल्यात आजाऱ्याला भेटायला जायचं असतं. न जाणं वाईट दिसतं, रिकाम्या हातानं जाणं त्याहून वाईट. हॉस्पिटलात दाराशी वॉचमन असतो, पास असतो, वेळ संपली की शिट्टी होते. आमच्या दाराला फक्त तोरण होतं. शहाळी घेऊन शेजारी आले, सोसायटीचे आजी-माजी पदाधिकारी आले, ह्यांच्या कंपनीतले जुने सहकारी कल्याणहून आणि नौपाड्यातून आले. प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी ह्याच ऑपरेशननं गेलेलं होतं आणि ती गोष्ट पूर्ण सांगितल्याशिवाय कोणी उठत नव्हतं.

बेल वाजली की कॉटवरून हाक यायची, "अगं, शर्ट दे." पांढरा, अर्ध्या बाह्यांचा. दंडात सलाईनची नळी, पोटावर पट्टी, तरी वर शर्ट हवा. गळ्यापर्यंत बटणं लावायची, कॉट वर करायची, आणि दार उघडलं की, "या या! चहा टाक गं." मी चहा टाकत होते. एका दुपारी मी गॅससमोर उभी होते आणि मला वाटलं, हे भांडं उचलावं आणि खिडकीतून फेकून द्यावं. फेकलं नाही. आलं घातलं.

सिस्टरलाही तसंच. ती कोपरीहून येणारी तरुण मुलगी, डोंबिवलीभर तिच्या वाट्याला घरं दिलेली, ती घाईत असायची. ती ब्लडप्रेशर बघतेय तोवर हे तिला विचारणार, "आज स्टेशनला रिक्षाची रांग किती होती? पाय भिजले का? लग्नाचं काही जमतंय का?" ती खूश. जाताना मला म्हणायची, "काकू, असे पेशंट नशिबानं मिळतात." टॅबवरचे डॉक्टर तर ह्यांच्या मते पाहुण्यांतले पाहुणे. ते दिसले की हे पडल्या-पडल्या हात जोडायचे. ते विचारायचे, "काका, दुखतंय का?" आणि हे म्हणायचे, "छे हो! घरी आलोय, आता कसलं दुखणं?"

पोटात साठणारं पाणी बाहेर यायला एक नळी बसवलेली होती. त्यातून काही येईनासं झालं म्हणून ती काढली. म्हणजे आत काय चाललंय ते बाहेर दिसायची जी एक वाट होती ती बंद झाली. तापाचं औषध सलाईनमधून चालूच होतं, त्यामुळे ताप दिसायचा प्रश्नच नव्हता. राहिलं होतं फक्त ह्यांचं तोंड, आणि ते दुसऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलत होतं.

नळी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांचं अंग पुसत होते. डाव्या बाजूला ओला टॉवेल लागला तसे ह्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तुझ्या त्या मैत्रिणीची सून परत आली का गं माहेराहून?" माझा हात तिथेच थांबला. गेल्या कित्येक वर्षांत ह्यांनी माझ्या मैत्रिणीच्या सुनेचा विषय काढला नव्हता.

"दुखतंय ना?" मी विचारलं.

"छे गं. ओढल्यासारखं होतंय जरा. टाके आहेत, ओढणारच."

मी टॅबवर डॉक्टरांना सांगितलं, ह्यांना दुखतंय. डॉक्टर तरुण होते, सज्जन होते. त्यांनी ह्यांनाच विचारलं. हे म्हणाले, "हिला माझी फार काळजी. तुम्ही सांगा, तुमच्या ठाण्यात पाणी येतंय का नीट?" डॉक्टर हसले. "काकू, काका एकदम फ्रेश आहेत. तुम्हीच थकलायत. थोडी झोप काढा." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच असावा. मी मैत्रिणीच्या सुनेबद्दल काय सांगणार होते त्यांना? डॉक्टर, ह्यांनी माझ्याकडे एका बाईची चौकशी केली, म्हणून ह्यांचं पोट उघडून बघा?

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. देवाला काही मागावं असं वाटेना. मला कोणाची कृपा नको होती. मला एक माणूस हवा होता, जो माझ्यावर विश्वास ठेवील.

संध्याकाळी कंट्रोल रूममधून फोन आला. पल्स वाढलेला दिसतोय, पेशंट चालतायत का? फोन ह्यांनीच उचलला. "अहो, जुने मित्र आलेत, हसतोय नुसते!" तेही खरंच होतं. हॉल भरलेला होता, हे कंपनीतल्या एका साहेबाची नक्कल करत होते आणि कॉटची कड डाव्या हातानं घट्ट धरून होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती फक्त मला दिसत होती, कारण बाकीचे हसत होते. फोनवरची मुलगी म्हणाली, ओके सर, टेक केअर.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडवलीहून ह्यांची मोठी बहीण आली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. पिशवीत देवीचा अंगारा आणि डब्यात गाळलेली पेज. आक्काचं आणि माझं तसं कधी फार जमलं नाही. तिच्या मते तिच्या भावाला चांगलं खाऊ घालणारी बायको मिळायला हवी होती, आणि माझ्या मते तिनं मला लग्नाआधी सांगायला हवं होतं की तिचा भाऊ कसा आहे. पण त्या दिवशी ती आली तेव्हा मला बरं वाटलं. घरात माझ्या बाजूचं नसलं तरी ह्यांच्या रक्ताचं कोणीतरी होतं. तिला ह्यांच्या कॉटसमोरच खुर्ची मांडून मी वरण-भात वाढला. हे तिच्याकडे बघत होते. घोटभर पेज ह्यांनी घेतली आणि वाटी बाजूला ठेवली.

तिनं हात धुतले न धुतले तोच बेल वाजली. सोसायटीतली मंडळी, भलामोठा घोळका. "अगं, शर्ट दे." मी दिला. बटणं लावताना माझी बोटं ह्यांच्या छातीला लागली. छाती थंड आणि ओली होती. मंडळी बसली. हे एकेकाला विचारायला लागले. तुमचा गुडघा? तुमची बीपीची गोळी? नातवाची ॲडमिशन? एकाचं उत्तर संपायच्या आत दुसऱ्याला प्रश्न, दुसऱ्याचं ऐकायच्या आत तिसऱ्याला. चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठांवर हसू तसंच होतं.

मी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "उठा."

कोणाला कळलंच नाही. कोणीतरी बशी पुढे केली.

"उठा सगळे. आपापल्या घरी जा. इथे माणूस आजारी आहे."

मराठी मध्यमवर्गीय घरात असं वाक्य उच्चारलं जात नाही. खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या, एक बाई दारातून "आम्ही आपलं काळजीपोटी" म्हणाल्या. मी दार लावलं, कडी घातली. वळले तर हे थरथरत होते. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. "माझ्या घरात माझ्या माणसांचा अपमान? कोण लागून गेलीस तू?" आणि आक्का त्यांच्या सुरात सूर मिसळून, "अगं, दारी आलेल्याला कोणी असं हाकलतं का? आमच्या आईनं दुष्काळातसुद्धा..." मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. मला तेव्हा वाटलं, मीच चुकत असेन. सगळं जग एका बाजूला आणि मी एकटी खुळी.

मग हे गप्प झाले. डोकं उशीवर टेकलं. कपाळावरून घामाची धार कानात गेली, ती त्यांनी पुसली नाही. आणि बहिणीकडे वळून, अगदी हळू, अगदी प्रेमानं विचारलं, "आक्का, तू जेवलीस का?"

आक्काचं वाक्य तोंडातच राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं खरकटं ताट अजून कॉटजवळच्या स्टुलावर होतं.

"आत्ता तर ह्याच्यासमोर जेवले मी," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "हा लहान होता. ह्याला विंचू चावला होता, चुलीमागे. आणि हा मेला रडेचना. सारखा आईला विचारत होता, तू जेवलीस का, तू जेवलीस का. पाय काळानिळा पडला तेव्हा कळलं आम्हाला."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ही खूण माझी एकटीची आहे.

मी टॅब उचलला आणि तातडीचं लाल बटण दाबलं. तेच डॉक्टर आले. मी काही बोलायच्या आत हे उशीवरून हसले आणि म्हणाले, "काही नाही हो डॉक्टर, नवरा-बायकोचं भांडण. होतं कधीकधी." आणि डॉक्टरही हसले. खरंच हसले. मी त्यांना दोष देत नाही. पडद्यावर त्यांना पांढऱ्या शर्टातला एक हसरा गृहस्थ दिसत होता.

मी शर्टाखाली हात घातला. पोट पाटासारखं कडक होतं. मी दाबलंसुद्धा नाही, नुसता तळवा टेकला, तर ह्यांनी माझं मनगट पकडलं. तोंड उघडं पडलं, आवाज आला नाही. पाहुणा बघत होता ना.

मी टॅब भिंतीकडे फिरवला. आणि ह्या जन्मात बोलले नसेन इतक्या मोठ्यानं खोटं बोलले. "डॉक्टर, हे बेशुद्ध पडले!"

"अगं, मी कुठे..." हे म्हणाले.

आणि आक्का, जी एकादशीला खोटं बोललं तर दुसरी एकादशी धरते, ती माझ्या खांद्यावरून टॅबमध्ये ओरडली, "डोळे पांढरे केलेत हो! हाक मारली तर ओ देत नाही! माझा भाऊ चालला!" आणि तिचा हात ह्यांच्या तोंडावर घट्ट होता.

डॉक्टरांचा आवाज एकदम वेगळा झाला. पल्स तर वाढलेलाच दिसतोय, म्हणाले. ॲम्ब्युलन्स पाठवतो. टॅब बंद झाल्यावर आक्कानं हात काढला. हे आमच्याकडे दुखावल्यासारखे बघत राहिले. "खोटं का बोललात तुम्ही दोघी?" ह्यांनी विचारलं. आक्का म्हणाली, "तुझ्याकडूनच शिकलो."

स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. मग आमच्याच जेवणाच्या खुर्चीत बसवून ह्यांना जिन्यानं उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती आणि थोड्याच वेळापूर्वी मी हाकललेली मंडळी दारांत उभी होती. हे खुर्चीतून प्रत्येकाला हात जोडत होते. माझ्या वतीनं माफी मागत होते. मी मागून सलाईनची बाटली उंच धरून चालत होते आणि मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्यांच्याशिवाय मी काय करणार आहे ते मला कळत नव्हतं.

ठाण्याला जाताना शीळ रस्त्यावर गाड्या अडकल्या होत्या. सायरन वाजत होता आणि कोणी हलत नव्हतं, कारण हलायला जागा नव्हती. ॲम्ब्युलन्समधल्या माणसालाही ह्यांनी विचारलं. जेवलात का. मग मात्र खरंच बोलायचे थांबले. मी बोलत राहिले. रागावत राहिले. म्हटलं, उठा, कोणीतरी आलंय. म्हटलं, तुम्हाला शर्ट देऊ का? डोळे उघडले नाहीत.

कॅज्युअल्टीत शर्ट निघेना, दंडातली नळी अडकत होती. "कापावा लागेल," कोणीतरी म्हणालं. "कापा," मी म्हणाले. कात्री खालून वर गेली आणि दोन्ही बाजूंना शर्ट पडला. सर्जननी पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. ह्यांना काही विचारलं नाही. जोड सुटला होता.

पुन्हा पोट उघडलं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, साफ केलंय, आता शरीर काय करतं ते बघायचं. ह्यापुढे काही सांगता येत नाही. आक्का अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून बाकावर बसून राहिली. माझा पदर तिच्या दुसऱ्या मुठीत होता.

आयसीयूत मला आत सोडलं तेव्हा ह्यांच्या घशात नळी होती. म्हणजे एकदाचं बोलणं बंद. अंगावर शर्ट नाही, नुसती चादर. डोळे अर्धवट उघडे होते. मी जवळ गेले तसा ह्यांनी उजवा हात उचलला, सावकाश, चादरीवरून वर आणला, आणि पाची बोटं एकत्र करून ओठांजवळ नेली. पुन्हा नेली.

तिथली सिस्टर हसली. "काकांना भूक लागली वाटतं. आता नाही काका, अजून काही द्यायचं नाही."

"भूक नाही," मी म्हणाले. "त्यांना दुखतंय. फार दुखतंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, आता ती पेशंटलाच विचारणार. सगळे तेच करतात. ती ह्यांच्यावर वाकली. "काका, दुखतंय?"

ह्यांची बोटं ओठांजवळ तशीच थांबली. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते नळीच्या चिकटपट्टीवर अडलं. मग ह्यांनी मान हलवली. हो.

सिस्टर औषध वाढवायला गेली. डॉक्टर म्हणतात, तब्येत उताराला लागली ती त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, रक्ताचे रिपोर्ट सुधारले तेव्हा. मी मात्र त्या होकारापासून धरते.